पुढच्याचा हात

गटाने सायकल चालवताना मागच्याला रस्ता फारसा दिसत नाही. दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने हात खाली करून खड्डा दाखवायचा, खडी पसरलेली असेल तर उघडा तळवा मांडीजवळ हलवायचा, आणि तीच खूण प्रत्येकाने मागे पोचवायची. सहलीच्या पहिल्या सकाळी हे सगळ्यांना शिकवतात. मला शिकवायची गरज नव्हती, माझी ती सहावी सहल होती.

मी आणि माझा मित्र तळेऱ्याजवळच्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर. तो गणिताचा, मी मराठीचा. अलिबागहून गोव्याला निघालेल्या त्या सहलीत इथले असे आम्ही दोघेच, बाकीचे पुण्या-नाशिकचे. यंदा त्याने येऊ नये असं त्याच्या घरच्यांचं मत होतं, कारण तो विसरायला लागला होता. दोनदा स्कूटर बाजारात ठेवून चालत घरी आला. एकदा गॅसवर दूध ठेवून शेजाऱ्यांकडे गप्पा मारत बसला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, बघू. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला, आता सायकल बंद. त्यावर हा महिनाभर भांडला. शेवटी वहिनींनी मला बोलावून घेतलं.

"भावजी, तुमी आसास म्हणान धाडतंय," त्या म्हणाल्या. "पण काय झाला तर मगे सायकल कायमची बंद."

तो शर्टाची बटणं लावत आतून आला. "तू माझ्या फुडे ऱ्हव रे. तुझो हात बघान मी गोव्याक काय, कन्याकुमारीक जातलंय."

मी दोघांनाही शब्द दिला.

तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. मी पुढे, तो मागे, आणि त्याच्या मागे सामानाचा टेम्पो. देवगडला पोचलो त्या संध्याकाळी खानावळीत बांगड्याचं तिखलं ओरपताना पुण्याची मंडळी त्याला गोष्टी सांगायला लावत होती. तो रंगात आला. पाहुण्यांसाठी ठेवणीतली शुद्ध मराठी काढून म्हणाला, "आमच्या या मराठीच्या मास्तरांना विचारा. तीन वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या घाटात कठड्यावर बसून लहान मुलासारखे रडले. का? तर चढ चढवत नाही म्हणून!"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

माझी बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घरी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि त्या चढावर मात्र काय झालं कोण जाणे, सायकल टाकून मी कठड्यावर बसलो आणि हुंदके देत राहिलो. हा तासभर माझ्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसला होता. उठताना म्हणाला होता, "ह्या आपल्या दोघांतच." आणि आता तेच तो परक्या माणसांसमोर, भाताबरोबर, चेष्टा म्हणून वाढत होता. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, शाळेतली पोरंसुद्धा मला त्यावरून ओळखायची. तो राग येतो तसा जातोही. या वेळचा गेला नाही.

सकाळी आभाळ भरून आलेलं होतं. मोहोराच्या दिवसांतलं असलं मळभ बागायतदारांच्या काळजात धस्स करतं. कुणकेश्वर मागे पडलं तरी दोन्ही बाजूंच्या आंब्याच्या कलमांत फवारणीचे पंप चालूच होते, आणि औषधाचा तो उग्र वास घशात बसत होता. आमचा रस्ता म्हणजे सड्याच्या कातळपठारावर चढा, खाडीपर्यंत उतरा आणि पुन्हा चढा. तो मागून बोलत होता. मोहोर कसा काळवंडलाय, बिचाऱ्यांचं वर्ष फुकट जाणार, असं काहीबाही. मी उत्तर देत नव्हतो.

"रे, आयकतस मा?" मग थोड्या वेळाने, "तुका काय झाला? रात्री झोप नाय?"

याला कळतसुद्धा नाही, याचा मला आणखी संताप आला.

मिठबावच्या अलीकडे एक लांब उतार आहे. उताराच्या तळाशी वळण, आणि त्या वळणावर कामासाठी बारीक खडी पसरलेली. माझ्या पुढे पुण्याची एक मुलगी होती. तिने तळवा खाली करून व्यवस्थित हलवला. मी तो बघितला, खडीही बघितली आणि कडेने सायकल काढली. मला दोन सेकंद मिळाले होते, हात हलवायला भरपूर. माझा हात हँडलवरून सुटला नाही. सुटला नाही म्हणजे, मी सोडला नाही. बघ म्हटलं तुझं तू. त्याने पडावं असं माझ्या मनात खरंच नव्हतं. दचकावं, मला दोन शिव्या हासडाव्यात, एवढंच हवं होतं.

मागे टायर फरफटल्याचा आवाज आला, आणि मग पत्र्याचा डबा आदळावा तसा आवाज.

तो कुशीवर पडला होता. हनुवटी सोललेली, डावा हात छातीशी धरलेला, आणि खांद्याजवळचं हाड जागेवर नाही हे वरूनच दिसत होतं. वळणावरच्या घरातून एक बाई तांब्या घेऊन धावत आली. टेम्पो थांबला, पुढे गेलेले सगळे परत फिरले.

"हात हलवू नका. हंय बसा," बाई त्याला आधार देत म्हणाली. "ही खडी कालच टाकल्यानी. फुडच्यान सांगूक नाय तुमका?"

"सांगल्यान आसतला गो," तो कण्हत म्हणाला. "ह्यो कधी चुकणा नाय. माकाच दिसूक नाय." मग मान वर करून त्याने माझ्याकडे बघितलं. "दाखवलंस मा रे हात?"

त्याच्या डोळ्यांत भीती होती. पडल्याची नव्हे. मी नाही म्हणावं म्हणून तो माझ्याकडे बघत होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. भोवती सगळे उभे होते. ती पुण्याची मुलगीही होती, जिने मला हात दाखवला होता.

मी मान हलवली. हो म्हणून.

बाईने त्याच्या तोंडाला तांब्या लावला, त्याने दोन घोट घेतले.

गटाला पुढे मालवणला जायचं होतं. मी त्याच्याबरोबर टेम्पोतून परत फिरलो. दोघांच्या सायकली मागे एकमेकींवर खडखडत होत्या. दवाखान्यात हात गळ्यात बांधून दिला, मग आम्ही तळेऱ्याच्या वाटेला लागलो. त्याने वहिनींना फोन लावला. "माझीच चूक," तो म्हणाला. "पोरगो सांगी होतो ता खरा. समोरचो हात माका दिसणा नाय, मगे ऱ्हवला काय? सायकल बंद." महिनाभर भांडलेल्या माणसाने चार वाक्यांत सगळं सोडून दिलं. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काल मी तुझ्या रडण्याचा काय तरी सांगलंय मा? तुका वायट वाटला." त्याने गळ्यात बांधलेला हात सावरला. "तू रडलंस ता आठवता. पण कित्याक रडलंस, ता माका काय केल्यान आठवणा नाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तो विसरत होता हे खरं, पण त्या वळणावर तो काहीच विसरला नव्हता. ठरल्याप्रमाणे तो माझ्या पाठीकडे बघत होता. हे एवढं बोलायला मला चार महिने लागले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी त्याच्या पडवीत बसून मी सांगून टाकलं. मी हात दाखवला नव्हता, रागाने, मुद्दाम; तुझ्या डोळ्यांचा काही दोष नव्हता. त्याची सायकल समोरच भिंतीला टेकलेली होती आणि तिच्यावर वहिनींनी पायपुसणी वाळत घातली होती.

तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग हसला. "माका बरा वाटाचा म्हणान सांगतस."

"नाय रे, देवाशपथ."

"तू मान हलयलंस. ता माझ्या बरोबर लक्षात आसा." त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "बाकी सगळा जाता, पण ता ऱ्हवला."

मी पुन्हा सांगितलं. शपथा घेतल्या. वहिनी आतून येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे अशा मायेने बघू लागल्या की माझ्याने पुढे बोलवेना.

आता रोज संध्याकाळी मी त्याला हायवेच्या कडेने पायी फिरायला नेतो. मी पुढे, तो मागे. परवा एका उखडलेल्या ठिकाणी माझा हात आपोआप खाली गेला आणि तो बाजूने नीट निघाला.

"बघ," तो मागून म्हणाला, "तुझो हात कधी चुकता काय?"

मी मागे वळलो नाही. पुढचा खड्डा येईपर्यंत हात तसाच खाली धरून चालत राहिलो.