ओट्याचा उतार

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्स मीच बसवणार, असं घरात जाहीर केलं होतं. पहिली ओळ ओट्याला टेकवून लावली, वर लेव्हलची पट्टी धरली, तर तिच्यातला बुडबुडा एका बाजूला पळाला. हात माझा सरळच होता. ओटाच सिंककडे उतरता होता. लाटणं रोज तिकडेच का घरंगळतं, ते तेव्हा कळलं. ज्याला आपण टेकतो, ते सरळच असणार असं किती सहज धरून चालतो! सिमेंट ओलं होतं तोवर ओळ उतरवली, भिंतीवर नवी सरळ रेघ मारली आणि टाइल्स त्या रेघेवर बसवल्या. खाली निमुळती फट उरली, ती पांढऱ्या सिमेंटने भरली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता ओटा तिरका दिसतोय."

"दिसू दे ना आई," मी म्हटलं, "इतकी वर्षं लपून होता."