मेन स्विच आणि जुईचं विश्व

आता कोणत्या तोंडाने सांगू? कारकुनीत कधी साधी फाइल गहाळ केली नाही, आणि निवृत्तीनंतर अख्खं विश्व बंद करून बसलो.

विश्व माझ्या पुतणीचं, जुईचं. ती पीएचडी करते. त्यांच्या प्रयोगशाळेत अणूंचा एक ढग असतो, चिमटीतही सापडणार नाही एवढासा आणि बर्फाला हुडहुडी भरेल इतका थंड. त्यातल्या लहरी प्रसरण पावणाऱ्या विश्वातल्यासारख्या वागतात म्हणे. खरं विश्व काही पुन्हा फुगवून बघता येत नाही, म्हणून हा उद्योग.

भाईंदरला आमच्याकडे आली तीही लॅपटॉपवरून त्या ढगाचं यंत्र सांभाळतच. यंत्र संध्याकाळपर्यंत तिचं, नंतर दुसऱ्याची पाळी. प्रबंधाची शेवटची मोजणी चालू होती.

दुपारी ती वडे आणायला खाली गेली. मला उत्तनला निघायचं होतं, जुन्या ऑफिसातल्या फ्रान्सिसकडे. गॅस बघितला, नळ बघितले, मेन स्विच खाली ओढला. घर सोडताना मेन बंद, हा आमचा कुळाचार. जुई लगेच परतणार हे मला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

फ्रान्सिसच्या ओट्यावर, सुकत्या बोंबलांच्या वासात, मी त्याला विश्वरचना समजावू लागलो.

"म्हंजे ह्ये इस्व आता चालू हाय?"

"या घडीला फुगतंय. सूत्रं आमच्या हॉलमध्ये."

तेवढ्यात जुईचा फोन. वड्यांच्या रांगेतून ती आत्ताच घरी पोचली होती. "काका, तुम्ही निघताना वीज गेली होती का?"

"छे, मीच बंद केली," मी अभिमानाने म्हणालो.

मग तिने काय झालं ते सांगितलं. वायफाय गेलं, घरून उत्तर येईना, म्हणून यंत्राने स्वतःला बंद करून घेतलं होतं. ढग विरला. पुन्हा सगळं जुळवून थंड करायला अख्खा दिवस जाणार, आणि उद्या यंत्र तिचं नव्हतं.

फ्रान्सिसने सगळं ऐकून घेतलं. "आन् वीज किती वाचली?"

जुईने हातापाया पडून एका सहकाऱ्याची पाळी मागून घेतली. त्या पाळीच्या दिवशी तिने मला मेन स्विचखाली खुर्ची दिली. "काका, इथेच बसा. लक्ष ठेवा."

शेजारचे शाहभाई डोकावले. "अंकल, यहाँ क्यूँ बैठे हो?"

"ब्रह्मांड संभाल रहा हूँ."

"अच्छा है. रिटायरमेंट के बाद कुछ तो चाहिए. चलो, नीचे चाय पीते हैं."

मी उठलो. चपला घातल्या. हात सवयीने वर गेला आणि चिकटपट्टीवर आपटला. स्विचवर पोरीने सकाळीच ती चार पदरी लावून ठेवली होती.

खुर्चीत मला बसवलं होतं, ते मी तिच्या नजरेसमोर राहावं म्हणून.