खलास झालेल्या सरदारांचं पान

“काढ बे ते पान! काढ पहिले! कोनाचे पितर जेवू घालून राह्यला तू माह्या आंगनात?”

मोठे भाऊ असे ओरडले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस जी आटली, ती पार दिवाळीपर्यंत दूध द्यायला तयार होईना. दिवस सर्वपित्री अमावस्येचा. सिंदेवाहीकडच्या आमच्या घरात चुली दोन, मधे भिंत एक, आणि त्या भिंतीपेक्षा जाड अबोला. वर्षभर आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलतो ते कुत्र्याला शिव्या देऊन. म्हणजे मी माझ्या कुत्र्याला देतो, त्यांनी समजायचं ते समजतात. पण या एका दिवशी दोन्ही चुली एक होतात, कारण बाप काही वाटून घेता येत नाही. वहिनी वडे तळते, माझी बायको कढी करते, मी मोहाच्या पानांच्या पत्रावळी मांडतो आणि भाऊ छपराच्या कवेलूंकडे तोंड करून कावळ्यांना बोलावतात.

त्या वर्षी बाबांच्या पानाशेजारी मी आणखी एक पान मांडलं. भात, वडा, कढी, कोहळ्याची भाजी. वर पावाचा तुकडा आणि एक उकडलेलं अंडं.

“पितराच्या दिवशी अंडं!” वहिनी झारा घेऊनच बाहेर आली. “कोनासाठी?”

“युरोपातल्या एका सरदार घराण्यासाठी,” मी छाती काढून सांगितलं. “त्याईच्या मागं कोनी नाई उरलं, वयनी. ज्याले कोनी नाई त्याच्यासाठीच तर हा दिवस आहे न?”

आता हे घराणं माझ्या गळ्यात कसं पडलं ते ऐका. आमच्याकडे धान निघाला की एक भाट यायचा. अंगणात घोंगडीवर बसून आमच्या घराण्याची सगळी वंशावळ गाऊन दाखवायचा आणि सूपभर तांदूळ घेऊन जायचा. तो म्हातारा गेला, त्याच्या पोरानं मोबाईलचं दुकान टाकलं, आणि आमचे पूर्वज म्हाताऱ्याबरोबरच गेले. मी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालो तेव्हा मला माझ्या पणज्याच्या वरचा एक माणूस सांगता येत नव्हता. म्हटलं, फोनवर सगळं सापडतं, आपलेही बाप सापडतील. सापडले ते युरोपातल्या कुठल्याशा थंड मुलखातल्या सरदारांचे. त्यांचं आडनाव उच्चारायचं तर तोंडात सुपारी धरून शिंकावं लागतं.

पण काय घराणं होतं राजेहो! पहिला पुरुष राजाच्या घोड्यांना नाल ठोकायचा. लढाईत राजा पडला, हा राजाच्याच घोड्यावर बसून पळाला, आणि दिशा चुकून थेट शत्रूच्या तंबूत शिरला. शत्रूला वाटलं हल्ला झाला. ते पळाले, याला किल्ला मिळाला. त्याच्या नातवानं शिकारी कुत्र्यांच्या एका जोडीपायी अर्धा तालुका देऊन टाकला. एकाला रानडुकरानं मारलं, आणि म्हणतात ते डुक्कर पुढं मरेपर्यंत डुकरांत सरदार म्हणून मिरवलं. शेवटचा मात्र बिचारा भर हिवाळ्यात कुणाच्या तरी मैताला टोपी काढून उभा राहिला आणि छातीत कफ होऊन मेला. बायको नाही, पोर नाही. त्यांच्यात रीत अशी की घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की घराण्याची ढाल फोडून त्याच्याबरोबर पुरायची. फोडली. पुरली. खाली लिहिलेलं, घराणं संपलं.

यातलं थोडं फोनवर होतं, थोडं मी भरलं. भाट तरी दुसरं काय करायचा?

हे सगळं मी त्या अंगणात भाऊंना सांगायला लागलो, तर ते आणखीच पेटले. त्याचं कारण मला माहीत नव्हतं असं नाही. भाऊंना मूल नाही. मला एक मुलगी, ती लग्न होऊन नागपूरला. आमच्या बाबांना मरताना एकच घोर होता, नाव कोण चालवणार. तेव्हापासून दर सर्वपित्रीला कावळा बाबांचं पान शिवेपर्यंत भाऊ श्वास रोखून उभे असतात. त्यांच्या मनानं घेतलंय की आपण वंश पुढे नेला नाही म्हणून एखाद्या वर्षी बाबा पान नाकारतील. आणि आपल्या भाषेत ‘निर्वंश’ ही तर शिवीच. ती मी पत्रावळीवर वाढून, अंड्यानं सजवून त्यांच्यासमोर ठेवली होती.

“मुद्दाम करून राह्यले,” वहिनी माझ्या बायकोला म्हणाली. माझ्याकडं पाहिलंही नाही. “आमाले लेकरू नाई म्हनून टोमना आहे हा. निर्वंशाचं पान, निर्वंशाच्या आंगनात.”

“वयनी, देवाशपथ—”

“देवाले काऊन मधात आनता? तुमचे देव तिकडचे झाले न आता!”

तेवढ्यात कावळा आला. आमच्या गावचे कावळे तसे साधे नाहीत. एकानं तर वनरक्षकाची टोपी पळवून तिच्यात पिल्लं काढली होती. हा कवेलूवर बसला, मान वाकडी करून दोन्ही पानांची पाहणी केली, आणि खाली उतरून सरळ अंड्यावर चोच मारली.

 

“हड! हड!” भाऊ धावले. “बाबा, इकडं! इकडं आहे तुमचं!”

कावळा उडाला, दुसरे चार घेऊन आला, सगळे सरदारांच्या पंगतीला. बाबांच्या वड्याला कुणी ढुंकून पाहीना. भाऊ पानासमोर हात जोडून बोलायला लागले. कावळा शिवत नसला की गेलेल्याच्या मनात काही राहिलं असं समजून कबूल करावं लागतं ना, तसं. “बाबा, घर शाकारतो. बाबा, याच्यासंग बोलतो, भांडन नाई करत.” हे म्हणताना माझ्याकडं असे पाहत होते की त्या नजरेनं ओलं लाकूड पेटावं. कावळ्यांनाही तो शब्द खोटा वाटला असणार.

मग त्यांनी सरदारांचं पान उचललं आणि भिंतीवरून रस्त्यावर भिरकावलं.

इथंच चुकलं. पान गेलं तसे सगळे कावळे त्याच्यामागं गेले. रस्त्यावर अशी काही मेजवानी झाली की बल्लारपूरपर्यंतच्या कावळ्यांना कळलं असेल. बाबांचं पान मात्र तसंच पडून. भात वाळला, वड्यावर मुंग्या चढल्या. शेवटी बायकोनं ते गाईला घातलं. भाऊ जेवले नाहीत. मीही नाही. म्हणजे नंतर थोडं जेवलो.

दिवस कलला तेव्हा भाऊ सपरीत, ओसरीच्या भिंतीला टेकून बसले होते. मी गेलो. समजूत घालायला नाही, भांडण अर्धं राहिलं होतं म्हणून.

“भाऊ, खरं सांगू? ते घरानं खलास झालंच नाई. त्या शेवटच्याले बहिनी होत्या. त्याईचे नातू-पनतू आजबी आहेत. एक जन लोकाईचे दात काढते, एक जन बस चालवते. ढाल फोडनाऱ्याईनं पोरी मोजल्याच नाई.”

“मंग ते उपाशी कुठी होते? तू काऊन बोलावलं त्याईले?”

मी आवाज चढवला.

“तेच सांगून राह्यलो न! आपनबी पोरी नाई मोजत. तुमी त्या कावळ्यापायी सकायपासून मरून राह्यले. माही पोरगी आहे. आपल्या दोघाईच्या मागं ते ठेवील पान. बाबाचंबी ठेवील, तुमचंबी ठेवील. मंग कुठी खलास झालं आपलं घरानं?”

भाऊंनी त्या दिवसात पहिल्यांदाच राग सोडून माझ्याकडं पाहिलं.

“तिले विचारलं का?”