मामांच्या सुपाचा साठा

बटाट्याला इंग्रजी वळण लावायचा ध्यास घेतलेला माणूस महाड ते पोलादपूर या पट्ट्यात आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नशीब एकेकाचं. मामा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी शिवथरपासून कशेडीपर्यंत लोकांच्या बांधांवर साखळ्या ओढल्या आणि कित्येक सख्ख्या भावांना कायमचं वेगळं राहायला मनापासून मदत केली. मामी होत्या तोवर आपल्या घरात स्वयंपाकघर नावाची खोली आहे, हे त्यांना फक्त वासावरून ठाऊक होतं. मामी गेल्या, तेव्हा इंग्लंडातल्या लेकीने त्यांना एका हिवाळ्यापुरतं नेलं. लेक-जावई कामावर, नातवंडं शाळेत, आणि बाहेर भर दुपारी अंधार. तिथल्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना या माणसाची दया आली आणि त्यांनी त्याला आपल्या ओट्याशी उभं करून लीक-बटाट्याचं सूप शिकवलं. बाईंचा हेतू चांगला होता. त्याचे परिणाम इकडे आम्हाला भोगावे लागतील, हे त्यांना तरी कसं कळणार?

मामा परतले ते हातात धरायचं मिक्सरयंत्र घेऊन. आठवड्याभरात त्यांनी बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला डीप फ्रीज उचलून पोलादपूरच्या घरी माजघरात आणून बसवला. लीक म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मनगटाएवढ्या बुंध्याची कांद्याची पात. हे वाक्य मी मामांसमोर एकदाच उच्चारलं. त्यावर त्यांनी मला समोर बसवून लीक उभं चिरलं, पदरापदरांतली माती दाखवली आणि म्हणाले, "पातीत एवढी माती असते? कधी बघितलीस?" मातीवरून भाजीचा मोठेपणा ठरवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. हे लीक पुण्याच्या बाजारातून वरंध्याचा घाट उतरून भाजीच्या टेम्पोतून यायचं. पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही, म्हणून मामा मे महिन्यातच चार महिन्यांचं सूप करून गोठवून ठेवत. लोक ज्या दिवसांत पापड-कुरडया घालतात, त्या दिवसांत हे लोण्यावर लीक परतत बसत. ते लाल होऊ द्यायचं नाही, नुसतं मऊ पडू द्यायचं. शेजारून कोणी हाक मारली तर "आत्ता नाही, लीक नरम होतंय" असं उत्तर यायचं, जणू घरात कोणाची प्रसूती चालू आहे.

गोठवण्याचं शास्त्र तर विचारूच नका. साय गोठवण्याआधी घालायची नाही, सूप पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, आणि डब्यात वर दोन बोटं जागा सोडायची, कारण गोठलं की ते फुगतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. न विचारता मिळालेलं ज्ञान विसरता येत नाही. मामा सूप भरत मात्र श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, आणि त्यातले काही डबे प्रेमाने महाडला आमच्या फ्रीजमध्ये आणून कोंबत. एकदा आमचे व्याही जेवायला आले असताना मीच घाईत त्यातला एक डबा बाहेर काढून ठेवला आणि पुऱ्यांबरोबर वाढला. व्याही घरंदाज माणूस. पुरीला लावून एक घास खाल्ला, जरा थांबले आणि म्हणाले, "पिस्त्याचं दिसतंय. साखर बेताची आहे, हे बरं." मामांना हे कळलं तेव्हा त्यांना एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. "गार का दिलंस? गरम करून पुन्हा घुसळायचं असतं!"

पोलादपुरात या सुपाला भीक न घालणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे शेजारची सुलभा. तिचा नवरा बाळू ट्रक चालवायचा. मामांनी पहिल्यांदा वाटी पुढे केली तेव्हा ती म्हणाली, "सूप आमच्याकडं बी हाय की वो मामा, तांदूळ पाखडायला." चाखल्यावर तिने निकाल दिला, "ही पेजच हाय. नुस्ता तांदूळ नाय." सुपाला पेज म्हटल्यामुळे मामांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र रोज कुंपणावरून विचारायची, "काय मामा, पेज झाली का?"

मग एका उन्हाळ्यात बाळूचा ट्रक कशेडी घाटात उलटला. जीव वाचला, पण जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधून टाकले आणि नळीने जाईल तेवढंच द्यायला सांगितलं. धिप्पाड माणूस आठवड्याभरात खंगला. दूध नको, फळांचा रस नको. एक दिवस सुलभा मामांच्या दारात येऊन उभी राहिली. "मामा, तुमची ती... तुमचं ते सूप हाय का वो?" मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी मला फोनवर सांगितलं, की आपण तिला चांगलं सुनावणार होतो. प्रत्यक्षात त्यांनी डीप फ्रीज उघडला आणि तिच्या पदरात मावतील तेवढे डबे घातले.

त्या दिवसापासून साठा बाळूच्या नावे झाला. आम्हाला डबे बंद झाले आणि ते दुःख आम्ही धीराने सोसलं. पण मे सरता सरता असं काही वादळ झालं, की झाडं तारांवर पडली आणि पोलादपूरची वीज गेली ती येईचना. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. आवाज असा, की मला वाटलं बाळूचंच काही झालं. "कडा सुटायला लागल्यात रे! मधे अजून दगड आहे, पण कडा सुटल्या!" मी गाडी काढली. डबे भरून मामांसकट महाडला आणले. आमचा फ्रीज दहा डब्यांत भरला. उरलेल्यांचं काय करायचं? बर्फ सगळ्यांत जास्त कुठे मिळतो, याचा विचार करता मासळीबाजाराशिवाय उत्तर नव्हतं. मामा शाकाहारी. त्या रस्त्यानेसुद्धा नाकाला रुमाल लावून जाणारे. पण गेले. कोळीणमावशींच्या पेटीत हलव्याच्या आणि सुरमईच्या मधोमध डबे लावताना मावशींनी विचारलं, "ह्यात काय हाय?"

"लीक अँड पोटॅटो," मामा ताठ मानेने म्हणाले.

"बरं. खाडीची का समुद्राची?"

तीन दिवस मामा आमच्याकडे राहिले. सकाळ-संध्याकाळ बाजारात जाऊन पेटीत वाकून बघत, स्वतःच्या खिशातून बर्फ वाढवत, आणि रोज दोन डबे एसटीने सुलभाकडे धाडत. वीज आली तसे सगळं परत घेऊन गेले. एकही डबा नासला नाही. वास मात्र थोडा लागला होता. मामांनी तो मान्य केला नाही आणि बाळूला तोंड उघडता येत नव्हतं.

पोलादपूरला पोचल्यावर रुग्णाला बघायला म्हणून मामा थेट शेजारी गेले. मी मागोमाग. चुलीवर सूप तापत होतं आणि घरभर लसणीचा वास होता. पळीत फोडणी तडतडत होती. सुलभा चोरी पकडल्यासारखी जागच्या जागी थिजली. "नुस्तं जात नाय वो त्यांना, मामा. पहिल्या दिवसापासनं अशीच देते. फोडणी द्यायची नि गाळून घ्यायची. म्हनून तरी पोटात जातंय."

मी मामांकडे बघायचं टाळलं. लोण्यावर लीक लाल होऊ न देणारा हा माणूस. मामा पाटावर बसले. म्हणाले, "मला दे वाटीभर." सावकाश सगळी वाटी संपवली. मग वाटीकडेच बघत म्हणाले, "हिनेसुद्धा मला न सांगता हेच केलं असतं." मामी गेल्यापासून मामांच्या तोंडून त्यांचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकत होतो. सुलभाने पुन्हा वाटी भरली.

बाळूच्या तारा निघाल्या त्या दिवशी मामा मुद्दाम समोर जाऊन बसले होते. त्याने जबडा हळूहळू हलवून पाहिला आणि त्यातून पहिला शब्द आला तो "भाकर". मामा संतापले. "दोन महिने मी तुला जगवला, आणि सुपाबद्दल एक शब्द नाही?" बाळूने हात जोडले. "मामा, जीव वाचवलात. पण आता माफ करा." त्यावर मामा इतके हसले, की सुलभाला त्यांची पाठ चोळावी लागली.

आता मामांचे गुडघे गेलेत, ओट्याशी उभं राहवत नाही. डीप फ्रीज सुलभाने आपल्या घरी नेला. ती भाकऱ्या थापते आणि मामा तिथेच खुर्चीवर बसून तिला सूचना देतात. ती एकही ऐकत नाही. पूर्वी मी फोन केला की सुपाची कृती पहिल्यापासून ऐकावी लागे. मी हं हं करत वर्तमानपत्र वाचून काढत असे, आणि अखेर दारावर कोणीतरी आलंय असं खोटं सांगून सुटका करून घेत असे. परवा फोन केला तर मागे ताटांचा आवाज, बाळूचं मोठ्याने बोलणं, कोणीतरी हसत होतं. मामा म्हणाले, "जेवतोय रे. नंतर कर," आणि त्यांनीच फोन ठेवला. वर्तमानपत्र माझ्या मांडीवर उघडंच होतं. बराच वेळ मी ते वाचलं नाही.