भाऊजींची जीभ

माझे भाऊजी कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी आहेत. सकाळपाळीला मिळणारी गरम, मिठाची लापशी त्यांच्या हातची. कामगार त्यांना ‘हंडा’ म्हणतात, कारण माणूसच तसा होता. पुढे गुडघे कुरकुरू लागले, साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी पोटाची पिशवीच कापून लहान केली. ताई म्हणाली, “जन्मभर लोकांची पोटं भरली, शेवटी यांच्याच पोटाला कात्री लागली.”

वजन भराभर उतरलं. भाऊजी कामावर रुजू झाले आणि चक्कर सुरू झाली. सकाळची घरची ओट्सची लापशी पोटात गेली की थोड्या वेळात छाती धडधडायची, दरदरून घाम फुटायचा. एकदा उकळत्या पातेल्याशेजारीच त्यांचा तोल गेला. कँटीनला माल पोचवणारा टेंपो माझाच, त्यामुळे मी तिथे पोती उतरवत होतो. दंड धरला म्हणून निभावलं. मॅनेजरने ते पाहिलं.

“हंडाशेठ, पुन्हा असं झालं तर तुम्ही कुपनांच्या खिडकीत बसायचं. पातेल्यापाशी यायचं नाही.”

पगार तोच राहणार होता. तरी भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. स्वयंपाकघरातून बाहेर काढलं तर या माणसाचं उरतं काय?

ताईचं निदान तयारच होतं. “खातात केवढंसं! अशक्तपणाच आहे तो.” तिने त्यांच्या वाटीत आणखी एक पिकलं केळं कुस्करलं. चक्कर वाढली. शेवटी दोघांना टेंपोत बसवून मी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं.

“सकाळी काय खाता?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही सांगितलेले ओट्स.”

“कसे करता?”

इथे भाऊजी खुलले. झटपट शिजणारे ओट्स मिक्सरमधून काढायचे, दुधात आटवायचे, वर गाळून घ्यायचे. “मलईसारखे होतात. आणि साखरेचा कण नाही हं! गोडीला खजूर वाटून घालतो, केळं घालतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, खजूर काय नि केळं काय, साखरच ती. वर धान्याचं इतकं पीठ केलंत की लहान पोटात ते थांबतच नाही. रक्तातली साखर एकदम चढते आणि तशीच धाडकन उतरते. मग चक्कर येईल नाहीतर काय होईल?”

जाड तुकड्यांचे ओट्स किंवा जवाची भरड घ्या, घट्ट शिजवा, शिजताना अंड्याचा पांढरा भाग घोटा, अर्धी वाटी सावकाश चावून खा, असं त्यांनी सांगितलं. झटपट पाकीट घ्यायची वेळ आलीच तर मागच्या बाजूला साखर किती ते आधी वाचा. “आणि कँटीनची पातळ लापशी चाखणं बंद.”

“एक चमचा तरी...”

“तुमचा एक चमचा कधी एकावर थांबलाय?”

ताईला हसू आवरेना. लग्न झाल्यापासून ती तो एक चमचा बघत आली होती.

घरी पहिली वाटी पाहून भाऊजी म्हणाले, “कोंबड्यांना हेच घालतात.” पण खाल्ली, रोज खाल्ली, आणि चक्कर थांबली. आता प्रश्न उरला चाखण्याचा. “चाखा आणि थुंका,” मी सुचवलं. “अन्नापाशी थुंकणारा आचारी कुठे पाहिलास?” त्यांनी मला झापलं आणि चमचा माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून पोती उतरवून झाली की मी चाखायचो.

भाऊजींची एक सवय होती. मीठ दोनदा घालायचे. एकदा अंदाजाने, मग चाखून लागेल तेवढं. चाखणं सुटलं, पण हात कुठे ऐकतोय? एके दिवशी सवयीने हाताने दुसऱ्यांदाही मीठ घातलं. मी चाखलं, लापशी खारट! भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. शर्ट अंगावर लोंबत होता, मान बारीक झाली होती. माझ्याने खरं बोलवेना.

“फक्कड,” मी म्हणालो.

कामगारांनी भरलेल्या वाट्या तशाच ठेवल्या. मॅनेजरने एक घास घेऊन तोंड वाकडं केलं. “उद्या मी स्वतः उभा राहणार. जमत नसेल तर खिडकी आहेच.” भाऊजींनी माझं नावही घेतलं नाही. नंतर टेंपोपाशी आले.

“तुला खारट लागलं होतं ना?”

“हो. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“भीड भिकेची बहीण, मेव्हणेबुवा! माझी जीभ मी तुझ्याकडे दिलीय. तीच खोटं बोलली तर मी काय करायचं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर हाताची घडी घालून पातेल्यासमोर उभा होता. भाऊजींनी मीठ एकदा घातलं. हात पुन्हा बरणीकडे निघाला, तो त्यांनी मागे घेतला आणि मला चमचा दिला. मी चाखलं. मॅनेजरकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं. 

“भाऊजी, अळणी झालीय.”

मॅनेजरच्या भुवया वर गेल्या. भाऊजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“किती?”

“अर्धी मूठ लागेल.”

त्यांनी अर्धी मूठ मीठ घातलं, तळापासून ढवळलं. “आता?”

मी पुन्हा चाखलं, घाई न करता. “आता बरोबर आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

मॅनेजरने वाटी घेतली, उभ्याउभ्या संपवली आणि निघून गेला. खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही. भाऊजींनी माझ्या हातातला चमचा घेतला, नळाखाली धुतला, फडक्याने पुसला आणि परत माझ्याच हातात दिला.