चिनीआप्पाची पाटी

चिनीआप्पाच्या दुकानात पेला भरून मिळाला की दोन बोटांनी बाकावर दोनदा टकटक करावी लागे. तोंडाने आभार मानलेले त्याला चालत नसत. "त्वांड खाण्यात असतंय, हात रिकामा असतोय. हातानं सांगा," असे तो म्हणे. ही रीत त्याने चीनमधून आणली होती. पलटणीचा आचारी म्हणून तो दोन वर्षे तिकडे राहिला होता. आमच्या पेठेत पुढे ही टकटक इतकी अंगवळणी पडली की घरी आमटी वाढली तरी माणसे पाटावर बोटे वाजवीत.

दुकान म्हणजे सरकारी ठेक्याची दारू विकणारा गुत्ताच, पण आप्पा कोरी दारू कुणाला देत नसे. "कोरी पायजे तर म्होरल्या गुत्त्यात जावा. हितं मिसळूनच मिळंल." मोहाची दारू, गार केलेला काळा चहा, आले, लिंबू, गूळ आणि चक्रीफुलाचा वास. बरोबर कणकेच्या पारीत खिमा भरून उकडलेल्या पुरचुंड्या आणि लवंगी मिरचीची चटणी. पुरचुंड्या उकडायच्या टोपल्या त्याने पेठेतल्या बुरडाकडून, चारदा उसवायला लावून, करवून घेतल्या होत्या. माणशी दोन पेले हा नियम. तिसरा मागितला की म्हणे, "तिसरा फुकट हाय. पण उद्या."

त्याला दुसरा आधार नव्हता. तो पलटणीतून परत येईपर्यंत भावकीने शेत वाटून घेतले होते. बायको, मुलगी आणि हे दुकान, एवढेच त्याचे होते.

त्या वर्षी स्वदेशीसाठी परदेशी साखर सोडण्याच्या शपथा गावोगाव चालल्या होत्या. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि गुळाच्या एका वखारीत कारकून होतो. तालमीतल्या पोरांनी बहिष्कार घालायच्या दुकानांची यादी करायचे काम माझ्याकडे दिले, कारण माझे अक्षर सरळ होते. मुंबईत वर्षभर राहून आलेला विठू म्हणाला, "चिनी म्हंजे साखर. मुंबईत समदे भय्ये साखरेला चिनीच म्हणत्यात. आप्पानं तर पाटीवर लिवलंय." पाटीवर लिहिले होते : चिनी दारू व खाणे. मी सातव्या क्रमांकावर आप्पाचे नाव घातले. दुकानात जाऊन पाहिले नाही. यादी पुरी झाल्याचे समाधान मोठे होते.

आम्ही वीसजण त्याच्या दारात बसलो. चार दिवस आत कोणी गेले नाही. बनवलेल्या पुरचुंड्या आप्पाची बायको संध्याकाळी शेजारी वाटून टाकी. पाचव्या दिवशी आप्पा बाहेर येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला.

"काय कारकून, यादीत माझं नाव कशापायी?"

"तुम्ही परदेशी साखर वापरता."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या पाटीवरच आहे की."

त्याने मान वर करून पाटी वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाला, "आरं लेका, त्यो देश हाय. आत ये."

आत कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेली गुळाची ढेप होती. त्याने गोणपाट सोडले आणि त्यावरचा शिक्का माझ्यापुढे धरला. "वाच. मोठ्यानं वाच. भाईर ऐकू जाऊ दे."

शिक्का आमच्याच वखारीचा होता, खाली गुळाचे गाव : बावडा. मी वाचला.

"मग आता असं करा," आप्पा म्हणाला, "समदी उठा आन् ह्याच्या मालकाच्या दारात बसा."

बाहेर सगळे हसत सुटले. विठू तर पायरीवरून घसरला. मी खिशातली यादी काढली, सातवे नाव सर्वांदेखत खोडले आणि आप्पाची माफी मागितली. "माफी ऱ्हाऊ दे, पेला घे," तो म्हणाला. तालमीची पोरे दारू पीत नसत, म्हणून त्याने दारू वगळून आले-गुळाचे सरबत केले. वीस पेले भरले आणि वीसजणांनी बाकावर, उंबऱ्यावर, जिथे हात पोचला तिथे दोन बोटे वाजवली. टकटक ऐकून आसपासची माणसे आत आली. त्या संध्याकाळी रांग तालमीच्या दारापर्यंत गेली. आप्पाने जन्मात पहिल्यांदा विठूला तिसरा पेला त्याच दिवशी दिला.

चिनी हा शब्द पुसून टाका असे मी सुचवले. "चिनी ऱ्हाणार," आप्पा म्हणाला. "खाली लिव : गूळ बावड्याचा." ती ओळ मीच रंगवली. पुढे बावड्याचे शेतकरी नुसती ती ओळ पाहायला येत आणि दोन पेले घेऊन जात.

आप्पा गेल्या वर्षी गेला. दुकान आता मुलगी चालवते. दोन पेल्यांचा नियम तसाच आहे, उलट बापापेक्षा ती कडक आहे. मी अजून याद्या करतो. बायकोच्या मते फार करतो. मात्र प्रत्येक यादीत शेवटचा रकाना 'स्वतः पाहिले' असा असतो, आणि तो भरल्याशिवाय मी खाली सही करीत नाही.

आप्पा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, त्याची रक्षा नदीत सोडून परतताना आम्ही सगळे दुकानाशी थांबलो होतो. मुलीने कुणाला न विचारता पेले भरले. बोलायचे पुष्कळांच्या मनात होते. विठूने आधी बोटे वाजवली, मग मी, मग सगळ्यांनी. वरची पाटी हलावी एवढा आवाज झाला.