आठवा गोळा

त्या केसचा विषय निघाला की मी आजही ताटावरून उठतो. मी तेव्हा रोह्याला पोलीस निरीक्षक होतो. गावाबाहेरच्या भंगाराच्या वखारीत गॅसकटरने लोखंड कापताना स्फोट झाला आणि कापणारा कामगार जागीच गेला. पंचनाम्यात जप्त केलेल्या तुकड्यांवर ताजा निळा रंग होता. बॉम्बशोधक पथकाने सांगितलं, तोफेचा जुना गोळा, पण आतली दारू जिवंत होती.

वखारवाला एकच धरून बसला, "टेम्पोतून माल आला साहेब, कुणाचा ते म्हायती नाय." तिसऱ्या दिवशी खबऱ्याने टेम्पो पाठवणाऱ्याचं नाव दिलं आणि मी कपाळाला हात लावला. पेणचा हा गृहस्थ माझ्या ओळखीचा. कंपनीतून निवृत्त झालेला फिटर, जुने रिकामे तोफगोळे जमवायचा नाद. पेणला नेमणुकीत असताना मी त्याच्या अंगणात एक न तपासलेला गोळा पाहिला होता. चारचौघांत त्याला झाडलं होतं, "पुन्हा असला एक जरी दिसला, तर सगळेच उचलून नेईन!"

त्याला ठाण्यात आणलं.

"काका, गोळा रिकामा आहे हे कसं ओळखता?"

"सरावाचा गोळा निळा असतो. पण रंगावर जायचं नाय, रंग कोणपण मारील. रिकामा केल्याची खूण म्हणून कुशीला पाडलेलं भोक बघायचं."

"मग हा कसा सुटला?"

त्याने पिशवीतून वही काढून पुढे केली. त्याच्या वहीत नोंद होती : गंजलेले सात गोळे हमरापूरला रंगवायला द्यायचे. आम्ही तिथल्या मूर्ती रंगवणाऱ्याला बोलावलं.

"काका घरी नव्हते. अंगणात आठ व्हते, आठही नेले," तो म्हणाला. "भोकं लांबी, म्हंजे पुट्टी, भरून बुजवली, निळा मारला. मूर्तीला भोक ठेवतो काय आम्ही?"

आठवा त्याच सकाळी कुणी कोळ्याने खाडीतून आणून ठेवला होता. म्हातारा रडू लागला.

"एक वाढलाय ते कळलं व्हतं, साहेब. कोणता, ते कळंना."

"लांबी खरवडून बघायची!"

"हात लावायची हिंमत झाली नाय. आठही भंगारात दिले."

"आणि दुसऱ्याला कापायला लावलंत?" मी टेबलावर हात आपटला. "मला एक फोन करायचा होता!"

"तुम्ही सगळेच उचलून नेले असते," तो हळूच म्हणाला.

गुन्हा त्याचाच होता. दोषारोपपत्र मीच दाखल केलं. पण त्यानंतर कुणी अशी वस्तू सापडल्याचं सांगायला आला, की मी आधी त्याला बसवून पाणी देऊ लागलो. दरडावलेला माणूस सुधारत नाही, लपवायला शिकतो. मला हे फार उशिरा कळलं.

मेलेल्या कामगाराची बायको नंतर ठाण्यात आली होती. तिचा एकच प्रश्न होता.

"त्या पेणच्या म्हाताऱ्याला म्हायती व्हतं, तर पोलिसांना का नाय सांगितलंन?"

त्याचा जबाब माझ्या समोरच्या फाइलीत होता. तो तिला वाचून दाखवायचं धाडस मला झालं नाही.